तीस फेब्रुवारीचं तिकीट

मोरेश्वरराव अमरावतीहून निघाले तेव्हा त्यांच्या बॅगेत चार शर्ट होते. लेकीकडे महिनाभर राहायचं, नातीचा वाढदिवस करायचा आणि मार्च संपायच्या आत परत फिरायचं, एवढ्याला चार शर्ट रग्गड झाले. पाहुण्याची बॅग लहान असावी, ती पाहून यजमानाला धीर येतो, असं त्यांचं जुनं मत होतं. विमान डब्लिनला उतरलं २०२०च्या फेब्रुवारीत. त्यानंतर विमानं उडायचीच थांबली. सप्टेंबर उजाडला तरी ते चार शर्ट डब्लिनशेजारच्या ल्यूकनमध्ये, लेकीच्या परसात दोरीवर आळीपाळीनं लटकत होते. वाळत होते असं म्हणवत नाही.

त्यांना जा असं कुणी म्हणत नव्हतं. लेक केतकी उलट म्हणायची, "बाबा, तिसऱ्या मजल्यावर एकटे काय करणार? लिफ्ट नाही, छातीत दोन स्टेंट, आणि खाली अर्धी गल्ली क्वारंटाइन." खरंच होतं ते. बायको, प्रभाताई, जाऊन तीन वर्षं झाली होती. अमरावतीच्या घरात त्यांची वाट पाहणारं एक मनीप्लँट होतं, त्यानंही एव्हाना आशा सोडली असणार. आयर्लंडच्या सरकारनं तर व्हिसाची मुदत न मागता वाढवून दिली होती, आणि संपत आली की पुन्हा वाढवत होतं. म्हणजे सरकारची काही हरकत नव्हती. प्रश्न जावयाचा होता.

जावई अभिजित मूळचा पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत. घरात वर तीन खोल्या. एक नवराबायकोची, एक नातीची, आणि तिसरी पलंग टाकला की दार अर्धंच उघडेल एवढी. त्या तिसऱ्या खोलीत अभिजितचं ऑफिसचं टेबल यायचं होतं. मार्चमध्ये टेबल आलंही, पण खोलीत मोरेश्वरराव होते. मग टेबल मागच्या शेडमध्ये गेलं, गवत कापायच्या यंत्राशेजारी, आणि अभिजित जेवणाच्या टेबलावर बसू लागला. तिथून टीव्ही हाकेच्या अंतरावर. मोरेश्वररावांना दुपारी मराठी बातम्या लागत, आणि त्या मोठ्यानं लागत. एकदा अभिजितच्या अमेरिकेतल्या साहेबानं एका मीटिंगमध्ये विदर्भातली जिल्हावार रुग्णसंख्या संपूर्ण ऐकली. दुसऱ्या दिवशी दुपारी अभिजितनं लॅपटॉप उचलला आणि तो दारासमोर उभ्या असलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसला. काचा वर, हेडफोन कानात, बाहेर पाऊस. तेव्हापासून रोज.

त्यानं तक्रार केली असती तर बरं झालं असतं. पुण्याचा माणूस जे काय असेल ते तोंडावर बोलतो, ही ख्याती ऐकूनच मोरेश्वररावांनी मुलगी दिली होती. आणि हा पुण्याचा असून बोलत नव्हता. सात महिन्यांत "आबा, चहा झाला का?" आणि "आबा, थंडी वाजते का?" यापलीकडे अवाक्षर नाही. मोरेश्वररावही जावयाशी ठेवणीतल्या, इस्त्रीच्या मराठीत बोलत. "अभिजितराव, आपण घ्या ना." वऱ्हाडी त्यांनी फोनसाठी राखून ठेवली होती. दोघं इतके अदबीनं वागत की केतकीला कधीकधी वाटे, आपण दोन वकिलातींच्या मधल्या घरात राहतो.

मोरेश्वररावांचे वडील लेकीच्या सासरी जात तेव्हा पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातून नेत, ओट्यावर बसून पीत आणि परत येत. लेकीच्या घरचं काही घेऊ नये. त्यांच्या मुलानं जावयाच्या घरचा चहा सात महिने प्यायला होता, साखर जास्त घालून. याची भरपाई म्हणून मोरेश्वररावांनी गवत कापायचं अंगावर घेतलं आणि ते इतकं कापलं की परसात माती दिसू लागली. मग कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचं घेतलं. इथं डबे तीन रंगांचे आणि प्रत्येकाचा वार निराळा. त्यांनी नेमानं चुकीचा डबा बाहेर ठेवला. अभिजित काही न बोलता तो आत आणी आणि बरोबरचा बाहेर ठेवी. त्या न बोलण्यानं मोरेश्वररावांची झोप उडे.

अशात सानिकाची शाळा सुरू झाली.

सानिका अकरा वर्षांची नात. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर ती इंग्रजीत देई, तेही ल्यूकनच्या हेलात. मोरेश्वररावांना प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागे. तिचं बोलणं आपण इथं मराठीतच ऐकू, नाहीतर आपल्यालाही दोनदा विचारावं लागेल. तर सानिकाच्या बाईंनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक राज्य आणि एक वर्ष. त्या वर्षात त्या राज्यात काय काय घडलं, ते पोस्टर करून सांगायचं. मैत्रिणीला फ्रान्स मिळालं, मुंडकी उडवण्याचं वर्ष. सानिकाला मिळालं स्वीडन, १७१२.

"आबा, तुम्ही हिस्ट्री टीचर होतात ना? १७१२ला स्वीडनमध्ये काय झालं?"

मोरेश्वररावांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता. त्यात स्वीडन एकदाच यायचं, आणि ते परीक्षेला नसायचं. ते म्हणाले, "पुष्कळ झालं. तू शोध, मग मी बरोबर आहे का ते सांगतो." शिक्षकी पेशात ही पद्धत फार जुनी आहे.

दोघं दिवाणखान्यात पुठ्ठा पसरून बसले. अर्ध्या तासात सानिका ओरडली, "आबा! या वर्षी तिथं तीस फेब्रुवारी होती!"

"चूक छापली असेल."

"नाही, खरी होती. लोक त्या दिवशी उठले, जेवले, सगळं केलं. त्यांना कॅलेंडर बदलायचं होतं. हळूहळू, चाळीस वर्षांत, लीप इयरचे दिवस गाळत गाळत. पहिला दिवस गाळला. मग युद्ध सुरू झालं आणि पुढचे गाळायला विसरले."

"सरकार विसरलं?"

"सगळेच विसरले. मग त्यांची तारीख ना नव्या कॅलेंडरशी जुळे, ना जुन्याशी. शेवटी राजा म्हणाला, राहू दे, तो गाळलेला दिवस परत घाला. म्हणून त्या फेब्रुवारीत तीस दिवस."

स्वीडन मोरेश्वररावांना एकदम घरच्यासारखं वाटू लागलं. योजना चाळीस वर्षांची आणि अंमलबजावणी एका दिवसाची, असली सरकारं त्यांच्या चांगल्या परिचयाची होती.

"एका दिवसाचं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले. "आपण दर तीन वर्षांनी अख्खा महिना वाढवतो. आत्ता तोच चालू आहे, अधिक महिना."

"महिना? एक्स्ट्रा? आणि त्या महिन्यात करता काय?"

"जावयाला जेवू घालतो. वाण देतो. तेहतीस अनारसे."

"डॅडीला? का?"

"अधिक महिना विष्णूचा. आणि या महिन्यापुरता जावई म्हणजे विष्णूच."

दोघांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पावसात गाडीत बसलेला विष्णू लॅपटॉपपुढे हातवारे करत कुणाला तरी समजावत होता आणि मधेच कपाळाला हात लावत होता.

मागच्या अधिकात प्रभाताई नव्हत्या, म्हणून वाण राहूनच गेलं होतं. त्याच्या आधी, २०१५ साली, प्रभाताईंनी तेहतीस अनारसे कुरियरनं आयर्लंडला पाठवले होते. अभिजितनं फोन करून "फार छान होते" एवढं सांगितलं होतं. तेव्हाही मोजकंच बोलला होता.

शाळेत सांगायच्या आदल्या दिवशी सानिकानं जेवणाच्या टेबलाशी रंगीत तालीम केली. पुठ्ठ्यावर बारा चौकोन, त्यात फेब्रुवारीचा सर्वांत मोठा, आणि ३० हा आकडा मोरेश्वररावांनी स्वतः लाल स्केचपेननं गिरवलेला.

"प्लेग नुकताच ओसरत होता," सानिका म्हणाली. "खूप लोक गेले होते. आणि राजा घरी नव्हता."

"कुठं होता?" केतकीनं विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी रशियाकडून हरला आणि पळून तुर्कांच्या सुलतानाकडे गेला. थोडे दिवस राहायला. पण युअर मॅन तिथंच राहिला."

"माझा माणूस?" मोरेश्वरराव म्हणाले.

"आबा, इथं असं म्हणतात. युअर मॅन म्हणजे तो, त्या गोष्टीतला."

"हां. सांग पुढं."

"तिथूनच तो पत्रं पाठवून राज्य करायचा. पत्र पोचायला कितीतरी आठवडे लागायचे. इकडे शत्रू त्याचे किल्ले घेत होते. मग एका सेनापतीनं राजाशिवायच फौज उभी केली, समुद्र ओलांडला. मागून डेन्मार्कनं त्याची जहाजंच जाळून टाकली. तरी डिसेंबरमध्ये तो एक मोठी लढाई जिंकला. आणि राजा अजून तिकडेच! सुलतान त्याला, त्याच्या माणसांना आणि घोड्यांना रोज खायला घालत होता. राजानं तिथं पक्कं विटांचं घरसुद्धा बांधलं."

अभिजित पोळी मोडता मोडता हसला. "भारीच पाहुणा! परत जायचं नावच नाही."

मोरेश्वररावांचा घास हातातच राहिला.

"शेवटी काय झालं?" केतकी म्हणाली.

"नवीन वर्ष लागल्यावर सुलतानाच्या माणसांनी त्याच्या घराला तोफा लावल्या."

"बरोबरच आहे," अभिजित म्हणाला. "माणसानं सोसायचं तरी किती?"

आणि त्यानं मोरेश्वररावांना आमटी वाढली. वाईट काहीच नव्हतं त्यात. आमटी गरम होती, वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. पण मोरेश्वररावांना तोफेचा आवाज स्पष्ट ऐकू आला. सात महिने न बोललेला पुणेकर अखेर बोलला होता, आणि तेही इतक्या सभ्यपणे की ऐकणाऱ्याला अठराव्या शतकाचा आडोसा मिळावा. ते "पोट भरलं" म्हणून उठले.

सकाळी सगळे कामाला लागल्यावर त्यांनी आयर्लंडातल्याच गॉलवेला हरीशला फोन लावला. हरीश त्यांचा शाळेतला विद्यार्थी, आता तिथल्या विद्यापीठात पीएचडी करत होता; त्याचा नंबर मागे अभिजितनंच शोधून दिला होता.

"सर, तुमी? सक्काळी सक्काळी?"

"हरीश, मले अमरावतीले परत जायचं हाये. ते खास विमान निघते म्हणतात ना, त्यात जागा कशी भेटते?"

"कायले जाऊन राहिले सर? तिकडं काय हाये आता? माया बापच मले म्हणते, येऊ नोको."

"मास्तरले उलटा प्रश्न विचारू नको."

"घरी काई झालं का?"

"काई नाई झालं. होऊ नाई म्हणून जाऊन राहिलो. आन् हे कोणाले सांगू नको."

"नाई सांगत सर. विद्येची शप्पथ."

हरीश सातवीत असताना शाळेच्या सहलीचं ठिकाण गुप्त ठेवायची जबाबदारी मोरेश्वररावांनी त्याच्यावरच टाकली होती, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते गेटवरच्या बोरंवालीलाही कळलं होतं. ही गोष्ट त्यांना आठवली, पण फोन ठेवल्यावर.

जागा मिळाली. दोन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची. घरात सांगायचं कसं, हा पेच होता. तेव्हा मोरेश्वररावांनी ठरवलं की निघायच्या आधीच्या रविवारी जावयाला अधिकाचं वाण द्यायचं, प्रभाताई देत तसं, तेहतीस अनारशांचं. ते हातात दिलं की म्हणायचं, अभिजितराव, आता येतो. सात महिन्यांच्या चहाचं ओझं थोडं उतरेल. त्या राजानं नेमकं हेच केलं नव्हतं.

अनारसे त्यांनी आयुष्यात केले नव्हते. पण प्रभाताई करत तेव्हा तांदळाचं पाणी रोज बदलण्याचं काम त्यांच्याकडे असे. त्यामुळे अनारशाची पहिली पायरी त्यांना पक्की ठाऊक होती. उरलेल्या पायऱ्या जिन्याप्रमाणे ओळीनंच येतील असा त्यांचा हिशेब होता. तांदूळ तीन दिवस भिजवले. मग ते फडक्यावर, सावलीत वाळवायचे. आता आयर्लंडात सावलीला तोटा नाही, पण वाळण्याला आहे. शर्टांचा अनुभव ताजा होता. तेव्हा त्यांना जिन्याजवळचं ते कपाट आठवलं, ज्यात गरम पाण्याची टाकी असते आणि टॉवेल ऊबदार राहावेत म्हणून ठेवतात. इकडे त्याला हॉट प्रेस म्हणतात.

संध्याकाळी केतकीनं ते उघडलं.

"बाबा, हॉट प्रेसमध्ये माझ्या टॉवेलांवर तांदूळ का पसरलेत?"

"अधिक आहे. जावयाला वाण द्यायचं आहे."

केतकी कपाटाचं दार धरून क्षणभर उभी राहिली. ओल्या तांदळाचा आंबूस वास येत होता, आईच्या स्वयंपाकघरातला. मग तिनं दुसरे टॉवेल आणून तांदळाखाली नीट घातले आणि दार हलकेच लोटलं. मंगळवारचं तिला काही माहीत नव्हतं. मोरेश्वररावांना तेवढा एक क्षण राजाहूनही अपराधी वाटलं.

पीठ झालं, गूळ पडला, गोळा डब्यात मुरला. रविवारी सकाळी तूप तापलं. इथल्या पिवळ्याधमक लोण्याचं तूप असं कणीदार होतं की प्रभाताईंनीही मान डोलावली असती. सानिका खसखस धरून शेजारी उभी. मोरेश्वररावांनी पहिला अनारसा थापला, खसखशीची बाजू वर करून तुपात सोडला, आणि तो हसला.

अनारसा तुपात पडताच सुटून, विरून, जाळी होत चहूकडे पसरला की तो हसला असं म्हणतात. तो हसतो करणाऱ्याला. दुसराही हसला. तिसरा तर खदखदून हसला. हॉट प्रेसच्या उबेत तांदूळ वरून वाळले होते, आतून नाही, आणि गूळ अंदाजानं पडला होता. सानिका आधी घाबरली, मग तीही हसू लागली, आणि शेवटी दोघं कढईपुढे उभं राहून हसत होते. मोरेश्वररावांच्या डोळ्यांत पाणी आलं ते तुपाच्या वाफेनं, असं त्यांनी सानिकाला सांगितलं. सगळं पीठ संपलं तेव्हा तीन अनारसे धड होते. बाकीच्यांचा सोनेरी चुरा झाऱ्यानं काढून पातेल्यात भरला.

दुपारी अभिजित पाटाऐवजी जेवणाच्या खुर्चीवर बसला. वर रेशमी कुर्ता, खाली अर्धी चड्डी. त्या वर्षीच्या सवयीनं कमरेखालचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मोरेश्वररावांनी त्याला कुंकू लावलं, केतकीनं ओवाळलं. मग त्यांनी थाळी पुढे केली: निरांजन, सुपारी, तीन अनारसे आणि एक मोठं पातेलं.

"तेहतीस आहेत का, आबा?" अभिजितनं विचारलं.

"तेहतीसच आहेत. तीन उभे आहेत, बाकीचे आडवे झाले आहेत."

अभिजितनं थाळी कपाळाला लावली. मोरेश्वररावांनी घसा साफ केला.

"अभिजितराव, आणखी एक सांगायचं होतं. आपण सर्वांनी माझं फार केलंत. येत्या मंगळवारी—"

"हरीशचा फोन आला होता," अभिजित म्हणाला.

मोरेश्वररावांनी समोरची खुर्ची ओढली.

"कधी?"

"तुम्ही त्याला केलात, त्यानंतर दहा मिनिटांनी."

"कुठला हरीश? मंगळवारी काय?" केतकी म्हणाली. "या घरात मला कुणी काही सांगणार आहे का?"

"आबा मंगळवारी अमरावतीला निघालेत," अभिजित म्हणाला. "पण मंगळवारी जाता येणार नाही. अधिक महिना आहे. अधिकात लांबचा प्रवास वर्ज्य."

मोरेश्वरराव पाहतच राहिले. हा तोच जावई, ज्यानं स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, गुरुजींना मुहूर्ताचा शास्त्रीय आधार विचारला होता.

"शुक्रवारी संपतो आहे अधिक," ते म्हणाले.

अभिजितनं खिशातून फोन काढला. त्यात पंचांग होतं. "शनिवारी घट बसतात. घट बसल्यावर घरातल्या माणसानं घर सोडू नये."

"दसरा झाल्यावर जाईन."

"पुढे दिवाळी. दिवाळी तोंडावर आली असताना कुणी जातं का?"

"मग दिवाळीनंतर."

"मग मार्गशीर्षाचे गुरुवार, आणि त्याला लागून पौष. पौषात कुणी शुभकार्य करत नाही."

"मी घरी जाणं हे काही शुभकार्य नाही."

"मग तर मुळीच जाऊ नका."

"अहो, पण मग जायचं तरी कधी माणसानं?"

"तीस फेब्रुवारीला," सानिका म्हणाली.

केतकी हसली आणि लगेच डोळे पुसू लागली. मोरेश्वरराव मात्र हसले नाहीत. पातेल्याच्या कडेवर बोट फिरवत ते म्हणाले, "अभिजितराव, आपण त्या दिवशी म्हणालात ना. सोसायचं तरी किती. तोफा लावल्या ते बरोबरच केलं."

"मी? ते राजाला, आबा! स्वीडनच्या राजाला!"

"मग आपण रोज पावसात गाडीत का जाऊन बसता?"

अभिजितनं केतकीकडे पाहिलं, मग थाळीकडे. "ते इथं नाही सांगता येणार."

"सांग," केतकी म्हणाली. "विष्णू आहेस. सांग."

"गाडीत बसलं की कुणी डिशवॉशर रिकामा करायला हाक मारत नाही."

"बघा!" केतकी म्हणाली. "सात महिने मी समजते याला मीटिंगा आहेत!"

"मीटिंगाही असतात," अभिजित म्हणाला. मग निरांजनाची वात उगाच सरळ करत राहिला. "आणि दुसरं म्हणजे, तुम्ही बातम्या लावता ना आबा, त्या गाडीपर्यंत ऐकू येतात. आमचे बाबा तशाच लावायचे. शेजारचे भिंतीवर थापा मारेपर्यंत. मी इथं आल्यापासून ते दर वर्षी म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात येतो. मीही म्हणायचो, या. आठ उन्हाळे गेले, मग तेच गेले." त्यानं वात सोडली. "मीटिंग संपली तरी मी हेडफोन काढून बसतो जरा वेळ. बातम्या संपेपर्यंत."

मोरेश्वररावांनी काहीतरी भारदस्त बोलायला तोंड उघडलं, आणि सात महिने इस्त्री करून ठेवलेली मराठी ऐनवेळी सापडली नाही.

"तू कधीपासून पंचांग पाहून राहिला बे?" त्यांच्या तोंडून गेलं.

जावयाला 'बे'! त्यांनी जीभ चावली. प्रभाताई असत्या तर टेबलाखालून चिमटा बसला असता. पण अभिजितच्या चेहऱ्यावर असं काही पसरत गेलं, जे सात महिन्यांच्या 'आपण घ्या ना'नं एकदाही आणलं नव्हतं.

"हरीशचा फोन आल्यापासून," तो म्हणाला.

"आणि आबा," सानिका म्हणाली, "तुम्ही पुढचं वाचलंच नाहीत. तोफा लावल्या तरी युअर मॅन गेला नाहीच. अजून दीड वर्ष राहिला."

अभिजितनं पातेलं पुढे ओढलं आणि चमचा मागितला. एक घास घेऊन तो थोडा वेळ चावत राहिला.

"पंधरा सालचेही असेच होते," तो म्हणाला. "कुरियरमध्ये पार चुरा झाला होता. मी चमच्यानंच खाल्ले. तेही फार छान होते."

मंगळवारच्या विमानातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. कळवायचं काम हरीशकडे दिलं होतं, त्यामुळे ते तत्काळ आणि सर्वदूर झालं. पुढल्या आठवड्यात पुन्हा सगळं बंद झालं, आणि नाताळानंतर आणखी कडक. केतकीनं मोरेश्वररावांसाठी आणखी तीन शर्ट मागवले. त्यांनी कुरकुर केली, पण किंमत विचारली नाही. प्रगतीच होती ती.

२०२१चा फेब्रुवारी असा पडला होता की सोमवारी सुरू झाला आणि बरोबर चार ओळींत, रविवारी संपला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सानिकाला त्याच्याखाली स्वतःच्या हातानं पाचवी ओळ आखावी लागली. त्यात दोनच चौकोन. एकोणतीस कोरा. तिसात लाल शाईनं एक लहानसं विमान, आणि त्याला चुकून किंवा मुद्दाम, पंख एकच.

त्या शेवटच्या रविवारी दुपारी पाऊस होता. दारापुढे उभ्या गाडीत सासरे-जावई काचा वर करून बसले होते. घरात डिशवॉशर भरून थांबला होता. मोरेश्वररावांच्या फोनवर मराठी बातम्या लागल्या होत्या, पूर्ण आवाजात.

"परवा तीस तारीख, आबा," अभिजित म्हणाला. "बॅग भरली का?"

"हाव," मोरेश्वरराव म्हणाले. "भरून राहिलो."

आणि त्यांनी सीट थोडी मागं केली.